दर्याच्या देवीची सेवेकरीण: लेव्हल १ चा क्लेरिक कसा उभा करावा?

दर्यावर्दी

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा रोल-प्लेइंग खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, सुरुवात लेव्हल १ पासून. जग फर्गॉटन रेल्म्सचं (खेळाचं कल्पित जग), आणि बराचसा खेळ त्यातल्या सोर्ड कोस्टच्या बंदरांत नि जहाजांवर. टोळीत फायटर (लढवय्या), रोग (चोर) आणि विझर्ड (जादूगार) ठरले आहेत. क्लेरिक, म्हणजे देवतेकडून शक्ती मिळवणारा पुजारी, माझ्याकडे.

देवी अंबरली घ्यायची आहे, समुद्राची राणी. तिला कोणी प्रेमाने पुजत नाही. तिने बुडवू नये म्हणून खलाशी तिला दान देतात. अशा देवीची सेवा करणारी, तिच्याचकडून शक्ती मिळणारी बाई खेळायची आहे. नुसती जखमा बांधणारी नको.

विचारायचं ते असं: आकडे आणि सामान कसं बसवू? सेवा दर बैठकीला जाणवेल असं काय करू? तिने देवीचं ऐकलं नाही तर काय व्हावं? आणि देवी दुष्ट, टोळी भली, हे जमवायचं कसं?

वीसबाजू

आधी आकडे. डोमेन, म्हणजे देवतेच्या शक्तीचं क्षेत्र, टेम्पेस्ट (वादळ). २०१४ च्या पुस्तकातल्या देवतांच्या यादीतही अंबरलीपुढे तेच लिहिलंय. त्यात जड चिलखत आणि मार्शल (लढवय्यांची) शस्त्रं दोन्ही मिळतात.

वंश व्हेरियंट ह्यूमन घ्या. दोन ठिकाणी +१, एक जादा स्किल, एक फीट (खास क्षमता). २७ गुणांची खरेदी अशी: विझ्डम १५ (९ गुण), स्ट्रेंग्थ १४ (७), कॉन्स्टिट्यूशन १३ (५), कॅरिझ्मा १२ (४), डेक्स्टेरिटी १० (२), इंटेलिजन्स ८ (०). मग एकेक +१ विझ्डमला आणि कॉन्स्टिट्यूशनला. म्हणजे विझ्डम १६, कॉन्स्टिट्यूशन १४, हिट पॉइंट १०, तुमच्या मंत्रांचा सेव्ह डीसी (मंत्र चुकवायला शत्रूच्या फाशाला लागणारा आकडा) १३, मंत्राने हल्ला +५. स्ट्रेंग्थ १३ च्या खाली नेऊ नका. चेन मेलला (कड्यांचं जड चिलखत) तेवढी लागते, नाहीतर चाल १० फुटांनी घटते. चेन मेलचे १६ आणि ढालीचे २, आर्मर क्लास (तुम्हाला मारायला शत्रूला लागणारा आकडा) १८. लेव्हल १ ला यापेक्षा जास्त मागू नये.

फीट वॉर कास्टर. कारण नीट समजून घ्या, क्लेरिक खेळणारे बहुतेक जण इथेच अडतात. एका हातात शस्त्र, दुसऱ्यात ढाल. ढालीवर देवीचं चिन्ह रंगवलं असेल तर ज्या मंत्राला सामग्री लागते तो ढालीच्या हातानेच टाकता येतो, हातवाऱ्यांसकट. ब्लेस त्यात बसतो. पण क्युअर वूंड्स, गाइडिंग बोल्ट, थंडरवेव्ह यांना सामग्री नाही, फक्त बोल आणि हातवारे. त्यांना मोकळा हात लागतो. नियम काटेकोर पाळणारा डीएम (खेळ चालवणारा) असेल तर दर वेळी शस्त्र म्यान करावं लागेल. वॉर कास्टरने ती अडचण संपते, आणि मार खाल्ल्यावर कॉन्सन्ट्रेशन (चालू मंत्रावरचं लक्ष) टिकवायच्या सेव्हला ॲडव्हांटेजही (दोन फासे टाकून मोठा धरणं) मिळतो. त्या सेव्हचा डीसी १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मा, जो मोठा असेल तो.

कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे मंत्र) ३: सेक्रेड फ्लेम, गायडन्स, थॉमॅटर्जी. शेवटचा लढाईत निरुपयोगी, पण आवाज तिप्पट करणं, जमीन हादरवणं, दिव्याच्या ज्योती मंद करणं हे सगळं त्यात आहे. देवीच्या नावाने पैसे मागणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

तयार मंत्र म्हणजे विझ्डमचा मॉडिफायर (१६ ला +३) अधिक लेव्हल: ३ + १ = ४. स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या खेपा, मात्र फक्त २. पहिल्या फेरीत थंडरवेव्ह, दुसरीत गाइडिंग बोल्ट, तिसरीत फायटर आडवा, आणि हीलिंग वर्डला स्लॉट नाही, असं हमखास होतं. एक स्लॉट हीलिंग वर्डसाठी राखा. तो बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतली जादा छोटी कृती) होतो, ६० फुटांवरून होतो, फक्त बोलून होतो. १ चौबाजू फासा + ३ भरतो, पण शून्यावर पडलेल्याला उभं करायला तेवढं पुरतं. अर्धमेल्या माणसावर तो वाया घालवू नका. त्या पाळीत बोनस ॲक्शनचा मंत्र टाकलात तर मुख्य ॲक्शनमध्ये फक्त कँट्रिप चालतो, हेही लक्षात असू द्या.

डोमेनची रॅथ ऑफ द स्टॉर्म ही क्षमता विसरू नका: ५ फुटांच्या आतल्या, तुम्हाला दिसणाऱ्या शत्रूने तुम्हाला मारलं की रिॲक्शनमध्ये (लगेच द्यायचं प्रत्युत्तर) २ आठबाजू फासे विजेची किंवा गडगडाटाची इजा, डेक्स्टेरिटी सेव्ह जमला तर निम्मी. लाँग रेस्टपर्यंत (मोठी विश्रांती) ३ वेळा. म्हणून ही बाई पुढच्या रांगेत उभी राहायला हवी. मागे उभी केलीत तर डोमेनचा निम्मा फायदा गेला.

ओलीवाळू

पाण्यातल्या सामानाबद्दल थोडं.

क्लेरिकच्या सुरुवातीच्या सामानात मेस किंवा वॉरहॅमर मिळतो. लाइट क्रॉसबो किंवा कुठलंही साधं शस्त्र, असा दुसरा पर्याय असतो, तिथे भाला घ्या. पाण्याखाली पोहण्याची चाल नसलेल्याला हातातल्या शस्त्राने हल्ला करताना डिसॲडव्हांटेज असतो. अपवाद खंजीर, जॅव्हलिन, शॉर्टस्वोर्ड, भाला आणि त्रिशूळ. वॉरहॅमर तिथे अडतो. २०१४ च्या नियमांत भाला आणि त्रिशूळ यांची इजा, फेकीचं अंतर, दोन्ही हातांनी धरण्याचा फायदा सगळं सारखं आहे. फरक वजनाचा, किमतीचा आणि त्रिशूळ मार्शल गटातला असण्याचा: भाला १ सोन्याचं नाणं, त्रिशूळ ५. भाला घेऊन त्याला त्रिशूळ म्हणा, डीएम अडवणार नाही.

चेन मेल घालायला १० मिनिटं, उतरवायला ५. श्वास रोखता येतो १ मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर, म्हणजे तुमची ३ मिनिटं. जहाज बुडताना हा हिशेब जुळत नाही. जड चिलखतात पोहण्याला नियमांत थेट दंड नाही, पण बरेच डीएम लावतात. आधी विचारून घ्या. दंड लावणार असतील तर स्केल मेल बरं, ते १ मिनिटात उतरतं. आर्मर क्लास मात्र १६ वर येईल.

शेंदूर

दर्यावर्दी, आकड्यांचं वीसबाजूंनी चोख सांगितलंय. मी सेवेबद्दल लिहितो, कारण क्लेरिक तिथेच फसतो. पत्रकावर देवतेचं नाव येतं, चिन्ह येतं, आणि त्यानंतर ती देवता कुणालाही दिसत नाही. दोष खेळाडूचा नसतो. सेवेची रचना न झाल्याने असं होतं.

अंबरलीच्या बाबतीत मराठीत अगदी नेमका शब्द आहे: खंडणी. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात त्यात मान आहे, आपलेपणा आहे, पोसणाऱ्याशी असलेलं नातं आहे. तो भाव इथे उचलू नका, देवी खोटी वाटेल. इथे दुकानदाराने गल्लीतल्या दादाला द्यायचे पैसे आहेत. तुमचं कॅरॅक्टर ते पैसे गोळा करणारं. एवढं ठरलं की ती बोलते कशी, बंदरात लोक तिच्याकडे कसे बघतात, जहाजावर तिला जागा का मिळते, सगळं आपोआप येतं. कप्तानाला ती नकोशी आहे, पण तिला धक्क्यावर सोडून जायची छाती त्याच्यात नाही.

आता एका कार्डावर तीन ओळी लिहा: काय द्यायचं, काय वर्ज्य, चुकलं तर काय. द्यायचं एक, वर्ज्य दोन. यापेक्षा जास्त लिहिलं तर टेबलावर कुणाच्या लक्षात राहत नाही, डीएमच्या तर नाहीच.

द्यायचं: नांगर उचलण्याआधी जहाजावरच्या प्रत्येक माणसामागे काहीतरी पाण्यात गेलं पाहिजे. मोजून.

वर्ज्य पहिलं: समुद्राने घेतलेलं परत काढायचं नाही. बुडालेल्या जहाजातला खजिना वर काढलात तर दहावा हिस्सा तिथेच परत टाकायचा.

वर्ज्य दुसरं: बुडून मेलेला तिचा. त्याला उठवायचं नाही.

हे पुस्तकातले नियम नाहीत, आपण रचलेले आहेत. पण बघा ते कुठे टोचतात. खजिना हे टोळीचं रोजचं काम आहे, म्हणजे पहिलं वर्ज्य सतत समोर येणार. लेव्हल ५ ला तुम्हाला रिव्हिव्हिफाय मिळेल, एका मिनिटाच्या आत मेलेल्याला ३०० नाण्यांचे हिरे जाळून उठवणारा मंत्र. त्या दिवशी रोग बुडाला तर? हिरे पिशवीत आहेत, मंत्र तयार आहे, आणि देवी नाही म्हणतेय. लेव्हल १ ला लिहिलेली एक ओळ लेव्हल ५ ला असा प्रसंग आणून ठेवते.

"समुद्राचा आदर करावा" असलं काही लिहू नका. ते कधी मोडलं, कधी पाळलं, कुणाला सांगता येत नाही. चांगला नमुना हवा असेल तर पाथफाइंडर या अशाच खेळाची दुसरी आवृत्ती बघा. तिथे प्रत्येक देवतेपुढे एडिक्ट आणि अनॅथेमा अशा दोन याद्या असतात, करायचं आणि न करायचं. मृत्यूची देवी फरास्मा हिच्या अनॅथेमात अनडेड (उठून चालणारी मढी) घडवणं, प्रेताची विटंबना आणि थडगं लुटणं आहे. साहसी टोळी थडग्यांत उतरूनच पोट भरते, म्हणून ही ओळ इतकी कामाची.

व्रत रचताना एक चूक मात्र टाळाच. ते फक्त तुमच्या कॅरॅक्टरला बांधणारं असावं. "माझ्यासमोर कुणी चोरी करू नये" असं व्रत घेतलंत तर रोगच्या खेळाडूने करायचं काय? तिथून भांडणं सुरू होतात आणि ती कॅरॅक्टरांची राहत नाहीत. दहावा हिस्सा टाकायचा तर तो आधी तुमच्या वाट्यातून.

चुकलं तर: डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित नियमांत, म्हणजे ३.५ मध्ये, क्लेरिकने देवाची आचारसंहिता उघडउघड मोडली तर सगळे मंत्र आणि क्लासचे गुण जायचे. उरायचं फक्त चिलखत, ढाल आणि साधी शस्त्रं वापरण्याचं कौशल्य. ॲटोनमेंट (प्रायश्चित्त) होईपर्यंत तो अर्धा खेळाडू. पाचव्या आवृत्तीत असा नियम नाही, सगळं डीएमवर. म्हणून आधी बोलून ठरवा. मी तीन पायऱ्या सुचवतो. पहिल्या चुकीला फक्त खूण: तोंडात खारट चव, पिंपातलं पाणी मचूळ. दुसऱ्या चुकीला चॅनल डिव्हिनिटीतला (देवतेची शक्ती थेट वापरण्याची क्षमता) डोमेनचा भाग बंद, टर्न अनडेड (अनडेडना पळवून लावणं) चालू (लेव्हल १ ला चॅनल डिव्हिनिटीच नाही, तेव्हा पहिल्या लेव्हलभर खुणाच). तिसऱ्या चुकीला डोमेनचे मंत्र बंद, बाकीचे चालू. हीलिंग वर्डला हात लावायचा नाही. शिक्षा तिची आहे, तिच्या पापापायी फायटर मरता कामा नये.

तिसरीघंटा

शेंदूर, व्रतांबद्दल पूर्ण सहमत. पण शक्ती काढून घेण्याच्या पायऱ्या मला पटत नाहीत, कितीही हळू केल्या तरी. काढून घेतलं की खेळाडू पुढच्या बैठकीत फक्त माफी मागण्याच्या मागे लागतो, किंवा व्रत मोडेल असं काही करतच नाही. दोन्हीत निवड मरते.

दुसऱ्या खेळांनी हे वेगळं सोडवलंय. रूनक्वेस्टमध्ये (१९७८) किंमत आधीच द्यावी लागते. पंथात दीक्षा घेतली की वेळेचा आणि कमाईचा दहावा भाग पंथाचा. देवाचे मंत्र हवेत तर पॉवर हा स्वतःचा गुण कायमचा वाहायचा. संकटात देवाला हाक मारली तर शंभराचा फासा पॉवरएवढा किंवा त्याखाली पडावा लागतो, आणि जेवढा पडला तेवढी पॉवर जाते. फासा नेमका पॉवरवर पडला तर देव मदत करतो आणि भक्तालाच घेऊन जातो. ही शिक्षा नाही, सौदा आहे.

डंजन वर्ल्डमध्ये (२०१२) दोन सहाबाजू फासे अधिक विझ्डम. १० किंवा वर पडले तर मंत्र निर्विघ्न. ७ ते ९ पडले तर मंत्र होतोच, पण तीनपैकी एक भोगायचं आणि ते खेळाडूने निवडायचं: नको त्याचं लक्ष वेधलं जातं, किंवा देवतेपासून अंतर पडून पुढच्या मंत्रांना −१, किंवा तो मंत्र देव परत घेतो. पुन्हा प्रार्थनेला बसलं की सुटका.

पाचव्या आवृत्तीत याची सोपी नक्कल अशी करता येईल. व्रत मोडलं की काहीच जात नाही, देवीच्या नावावर १ ऋण चढतं. ऋण असताना डीएम कधीही एक मागणी करू शकतो: या बंदरात ही वस्तू टाक, या माणसाला पलीकडे नेऊ नकोस. मान्य केली की ऋण फिटलं. नाकारली की २. तीन ऋणं झाली की शेंदूर यांची दुसरी पायरी लावा.

शेंदूर

हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. निवड खेळाडूच्या हातात राहते आणि डीएमला कथेत शिरायला दारही मिळतं. एक भर घाला: मागणी त्याच बैठकीत पुरी होण्यासारखी हवी. "सात समुद्रांपलीकडचं मोती आण" म्हटलं की बाकीच्या तिघांना तिच्या मागे फरफटत जावं लागतं. आणि ऋण उघड्यावर ठेवा, टेबलावर शिंपले मांडून. सगळ्यांना दिसलं की सगळेच त्यावर बोलतात. "तू फेडलंस का?" हे फायटरने विचारणं हीच तुम्हाला हवी असलेली जाणीव.

चौकट

दुष्ट देवीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अंबरली केऑटिक ईव्हिल (बेबंद आणि दुष्ट). पाचव्या आवृत्तीत क्लेरिकची वृत्ती देवतेशी जुळलीच पाहिजे असा नियम नाही. ३.५ च्या कडक नियमातही एका पावलाचं अंतर चालायचं, म्हणजे केऑटिक न्यूट्रल (बेबंद, पण ना भली ना दुष्ट) क्लेरिक तेव्हाही बसली असती. तेच घ्या. तिला बुडालेली माणसं बघून आनंद होत नाही. ती कर गोळा करते कारण कर चुकला की काय होतं हे तिला माहीत आहे. भल्या टोळीला अशी बाई सोबत चालते. लोकांना बुडवत सुटणारी चालत नाही, आणि तसलं कॅरॅक्टर चौघांच्या टेबलावर आणूच नये.

वॉरलॉक आणि पॅलाडिन या दुसऱ्या क्लासांशी घोळ करू नका. वॉरलॉकचा करार असतो. पॅलाडिनची शक्ती या आवृत्तीत शपथेतून येते, देव असलाच पाहिजे असं नाही. क्लेरिकची शक्ती रोज प्रार्थनेतून येते, लाँग रेस्टनंतर मंत्र निवडताना. ती प्रार्थना एका वाक्यात का होईना, टेबलावर बोला.

लेव्हल ३ ला ऑगरी (शकुन विचारायचा मंत्र) घ्या. उत्तरं चारच: शुभ, अशुभ, दोन्ही, काहीच नाही, आणि फक्त पुढच्या अर्ध्या तासाबद्दल. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात, कळ्या उजवीकडे पडल्या की होकार, डावीकडे पडल्या की नकार. आपल्या माणसांना वेगळं समजवायला नको. मंत्राला २५ नाण्यांच्या खुणा केलेल्या काड्या किंवा हाडं लागतात, तिथे शिंपले ठेवा. ते खर्च होत नाहीत. रिच्युअल (विधी) म्हणून केलंत तर स्लॉटही जात नाही, १० मिनिटं जास्त लागतात. पण लाँग रेस्टआधी पुन्हा विचारलं तर दुसऱ्या खेपेला २५ टक्के, तिसऱ्याला ५० टक्के शक्यता की उत्तर भलतंच येईल. तो फासा डीएमने लपवून टाकायचा. देवीला सारखं विचारत बसलं की ती खोटं बोलते, हे अंबरलीला शोभतं.

वीसबाजू

पुढच्या लेव्हलांचं सांगून टाकतो. लेव्हल २ ला डिस्ट्रक्टिव्ह रॅथ: विजेच्या किंवा गडगडाटाच्या इजेचे फासे न टाकता कमाल आकडा. थंडरवेव्ह १६, लेव्हल ३ ला शॅटर २४, लेव्हल ५ ला कॉल लाइटनिंगचा एक तडाखा ३०. शॉर्ट रेस्टला (छोटी विश्रांती) एकदाच, म्हणून तीन-चार शत्रू एकत्र असतील तेव्हाच. थंडरवेव्ह ३०० फुटांवर ऐकू जातो, आणि १५ फुटांच्या घनात फायटर असेल तर त्यालाही लागतो. रात्री बंदरात टाकाल तर पहारा जागा होईल.

लेव्हल १० च्या डिव्हाइन इंटरव्हेन्शनवर (देवतेला थेट मदतीला बोलावणं) फार विसंबू नका. शंभराचा फासा लेव्हलएवढा किंवा खाली, म्हणजे १० टक्के. जमलं की ७ दिवस बंद, नाही जमलं तर लाँग रेस्टनंतर पुन्हा. रोज न चुकता टाकला तरच उपयोग. २०२४ च्या नियमांत हे बदललंय, तिथे फासा नाही, पाचव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाही क्लेरिकचा मंत्र थेट होतो (रिॲक्शनने टाकायचे सोडून). तिथे डोमेनही लेव्हल ३ ला मिळतं आणि मूळ पुस्तकात टेम्पेस्ट नाही. तुमचा डीएम मधेच नियम बदलणार असेल तर आत्ताच विचारा.

दर्यावर्दी

सगळ्यांचे आभार. पत्रक असं झालंय, बघा.

ह्यूमन व्हेरियंट, क्लेरिक, टेम्पेस्ट, केऑटिक न्यूट्रल. पार्श्वभूमी सेलर: ॲथलेटिक्स, परसेप्शन. क्लेरिककडून इनसाइट, पर्सुएशन. जादा स्किल इंटिमिडेशन. चेन मेल, ढाल (चिन्ह: डावीउजवीकडे वळणारी लाट), त्रिशूळ म्हणून भाला, वॉरहॅमर. मंत्र: ब्लेस, हीलिंग वर्ड, थंडरवेव्ह, फॉग क्लाउड. शिंपले ऋणासाठी. खंडणी: प्रत्येक सफरीला माणशी १ सोन्याचं नाणं, माझ्या पिशवीतून.

वीसबाजू

दोन दुरुस्त्या.

थंडरवेव्ह आणि फॉग क्लाउड हे डोमेनचे मंत्र. ते कायम तयारच असतात, चारात धरायचे नाहीत. दोन जागा रिकाम्या झाल्या. एकीत गाइडिंग बोल्ट, दुसरीत क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर. लांबच्या सफरीत ३५-४० लिटर गोडं पाणी एका स्लॉटमध्ये मिळतं, आणि समुद्राच्या देवीकडून गोडं पाणी मिळवणं हा स्वतःच एक प्रसंग आहे. ब्लेस आणि फॉग क्लाउड दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं, एका वेळी एकच.

खंडणीचा हिशेब बसत नाही. सेलरला सुरुवातीला १० नाणी मिळतात. टोळी ४ आणि खलाशी २० धरले तर एकाच सफरीला २४ नाणी हवीत, म्हणजे पहिल्याच दिवशी ऋण. माणशी १ चांदीचं नाणं करा. १० चांदीचं १ सोन्याचं, २४ माणसांचे २ सोन्याचे आणि ४ चांदीचे. आणि ते स्वतःच्या पिशवीतून देऊ नका, प्रत्येकाकडून हात पुढे करून मागा. ज्याच्याकडे चांदी नाही त्याने दुसरं काहीतरी द्यावं, पण स्वतःच्या हाताने पाण्यात टाकावं. विझर्डने नाकारलं तर त्याच्या वाटचं तुम्ही भरायचं की ऋण घ्यायचं, हे नांगर उचलण्याआधी ठरेल.

ओलीवाळू

सेलरच्या सामानात ५० फूट रेशमी दोर मिळतो, तो पत्रकात राहिलाय. चेन मेल घातलेल्या माणसाने डेकवर वादळात तो कमरेला बांधायचा.